क्रँकशाफ्टला चिकटणारे तेल आणि वाया जाणारी हॉर्सपॉवर

प्रश्न : अमेरिकेत राहणारा माझा भाचा शेवरोलेटचे जुने ३५० घनइंची व्ही-८ इंजिन नव्याने बांधत आहे. ऑइल पॅनमध्ये (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यात) विंडेज ट्रे आणि क्रँक स्क्रेपर बसवल्यास हॉर्सपॉवर वाढते, असे तो म्हणतो. नुसत्या पत्र्याने हे कसे साधते? माझ्या रोजच्या मोटारीलाही त्याचा उपयोग होईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. त्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची चाल, ३.४८ इंच, म्हणजे सुमारे ८८ मिलिमीटर असतो. त्यामुळे मिनिटाला ६००० फेरे होत असताना क्रँकपिन (पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्ट या दांड्यावरील, कनेक्टिंग रॉड जोडण्याची जागा) ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने फिरते आणि काउंटरवेटची (क्रँकशाफ्टचा तोल राखणाऱ्या वजनांची) बाहेरची कड त्याहूनही वेगाने. बेअरिंगमधून बाहेर फेकले जाणारे, वरून निथळणारे आणि ब्रेक दाबताच पॅनमध्ये हिंदकळणारे तेल या फिरत्या भागांना सापडते व त्यांच्याभोवती गरगरू लागते. त्याला फिरवत ठेवण्यासाठी लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे फेरे तिप्पट झाले की नुकसान जवळजवळ सत्तावीस पट होते.

ट्रे पॅनमधले तेल क्रँकपासून अलग ठेवतो, तर स्क्रेपर काउंटरवेटच्या अगदी जवळ राहून त्यांच्याभोवतीचे तेल खरवडून खाली पाडतो. वाचलेल्या हॉर्सपॉवरपेक्षाही मला दुसरा लाभ मोलाचा वाटतो : घुसळलेल्या तेलात हवेचे बुडबुडे मिसळतात, आणि असे फेसाळ तेल बेअरिंगमधला दाब नीट पेलू शकत नाही. ट्रेमुळे पंपाकडे जाणारे तेल अधिक निवळ राहते.

याच विचाराचे पुढचे टोक म्हणजे ड्राय संप. त्यात पंप तेल उपसून वेगळ्या टाकीत नेतात, त्यामुळे क्रँकखाली तेलाचा साठाच उरत नाही. २००६ च्या कॉर्व्हेट झी-०६ या स्पोर्ट्स कारमध्ये ही रचना कारखान्यातूनच आली होती. मात्र ती महाग असते आणि तिचे पंप चालवायलाही थोडी शक्ती खर्ची पडते.

आपली मोटार शहरात बहुतेक वेळ दोन-तीन हजार फेऱ्यांवर चालत असेल, तर असा बदल करण्याचे कारण नाही. शिवाय अनेक आधुनिक इंजिनांत ट्रे मुळातच असतो. तेल मात्र डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे कधीही भरू नये, कारण पातळी फार वाढली की काउंटरवेट थेट तेलात बुडून ते फेसाळते. उलट, शक्ती वाचावी म्हणून तेल कमी ठेवणे किंवा कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा पातळ तेल घालणे धोक्याचे आहे. वळणावर पंपाला तेल मिळाले नाही, तर बेअरिंग काही क्षणांत खराब होऊ शकतात.

भाच्याला एवढे अवश्य कळवा की स्क्रेपर बसवल्यावर सर्व कनेक्टिंग रॉड जोडलेले असताना क्रँक हाताने पूर्ण फिरवून पाहावा, आणि रॉडचे बोल्ट कोठेही घासत नाहीत याची खात्री झाल्यावरच पॅन बंद करावे.