मृत्यूनंतर घर स्वच्छ करून देणाऱ्या व्यवसायाला नाव काय द्यावं?

घरात मृत्यू होऊन काही दिवस उलटले असतील, आत्महत्या किंवा हिंसा झाली असेल, तर ती जागा साफ आणि निर्जंतुक करून कुटुंबाच्या ताब्यात द्यायची, असा तुमचा व्यवसाय. त्यासाठी ‘क्राइम सीन क्लीनअप’, ‘नवी पहाट’ आणि ‘एंजल केअर’ यांपैकी कोणतं नाव घ्यावं, हा प्रश्न. माझ्या मते तिन्ही सोडा.

या धंद्यात नाव ग्राहकापेक्षा भलतेच लोक जास्त वाचतात. ज्याने फोन केला त्याला तुमचं काम माहीतच असतं. पण दारात उभी गाडी शेजारी वाचतात, पाकिटावरचं नाव टपाल आणणारा वाचतो, कार्डाचं स्टेटमेंट घरातलं दुसरं कोणी उघडतं, आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर आलेला मेसेज ऑफिसात बाजूला बसलेल्याच्या नजरेस पडतो. तिथे ‘क्राइम सीन’ असं लिहिलेलं असलं की त्या घरात खून झाला, अशी बातमी संध्याकाळपर्यंत पसरते. प्रत्यक्षात यातली बरीच कामं एकट्या राहणाऱ्या माणसाच्या नैसर्गिक मृत्यूची असतात. गेलेल्या माणसावर नाहक संशय येतो.

‘नवी पहाट’ची अडचण उलटी आहे. तिसऱ्याच दिवशी घराची किल्ली तुमच्या हाती देणाऱ्याला नवी सुरुवात वगैरे ऐकायचं नसतं. शिवाय हे नाव व्यसनमुक्ती केंद्राचं, कर्जसल्ल्याचं, योगवर्गाचं, कशाचंही वाटतं. ‘एंजल’मध्ये ग्राहकाची श्रद्धा तुम्ही परस्पर ठरवून टाकता, आणि ‘केअर’मुळे घरी येणाऱ्या नर्सची सेवा समजून फोन येतील.

मग उपाय काय? दोन शब्दांचं नाव. पहिला शब्द शांत, फारसा अर्थ न सांगणारा. दुसरा कामाचा, पण व्यापक. आग लागल्यावर किंवा पाणी शिरल्यावर घर पूर्ववत करणाऱ्यांसाठी ‘रिस्टोरेशन’ हा शब्द विमा कंपन्यांच्या रोजच्या वापरात आहे. गाडीवर ‘अमुक रिस्टोरेशन’ दिसलं की शेजाऱ्यांना वाटतं नळ फुटला असेल, आणि त्यात खोटं काहीच नसतं, कारण तुम्ही घर पूर्ववतच करता. ‘मृत्यूनंतरची स्वच्छता व निर्जंतुकीकरण’ हे थेट शब्द मात्र वेबसाइटच्या पानावर, शोधात दिसणाऱ्या शीर्षकात आणि बिलाच्या तपशिलात हवेतच. ते लपवलेत तर गरजू माणसाला तुम्ही सापडणार नाही आणि विमावाला बिल परत पाठवेल. थोडक्यात, नाव मोघम चालेल, वर्णन मोघम चालणार नाही.

नाजूक वस्तूचं नाव कसं असावं याचं जुनं उदाहरण म्हणजे १९२० मध्ये बाजारात आलेलं कोटेक्स हे सॅनिटरी पॅड. ‘कॉटन’ आणि ‘टेक्श्चर’ यांच्या तुकड्यांतून ते बनलं. वस्तू काय आहे ते नाव सांगत नाही, आणि दुकानात मोठ्याने मागताना जीभ अडखळत नाही. तुमच्याकडे फोन करणारा रडत असेल, त्यामुळे उच्चार सोपा असणं फार महत्त्वाचं: पहिला शब्द दोन-तीन अक्षरी, जोडाक्षरं कमी, स्पेलिंग एकच शक्य.

पहिला शब्द म्हणून आडनाव चालतं. अंत्यविधी सेवेत अनेक देशांत हीच जुनी रीत आहे, कारण त्यातून कोणीतरी जबाबदार माणूस मागे आहे असं जाणवतं. तोटे तीन. पुढे व्यवसाय विकताना नाव अडतं. आडनाव सर्रास आढळणारं असेल तर ट्रेडमार्क म्हणून कमकुवत पडतं. आणि चिडलेला माणूस आडनावावरून थेट तुमच्या घरापर्यंत पोहोचू शकतो. तिसरा तोटा लोक विसरतात.

सौम्य शब्दांवरही फार विसंबू नका, तेही झिजतात. ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणं) असलेल्यांसाठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या संस्थेच्या नावात ‘स्पास्टिक्स’ हा तेव्हाचा साधा वैद्यकीय शब्द होता. पुढे शाळेतली मुलं तो शिवी म्हणून वापरू लागली, आणि १९९४ मध्ये संस्थेने ‘स्कोप’ हे नाव घेतलं. आद्याक्षरांसारखी वाटणारी छोटी नावंही टाळा, कारण उद्या कोणाची तरी आद्याक्षरं त्यांच्याशी जुळू शकतात. आइसिस फार्मास्युटिकल्स या औषध कंपनीला दहशतवादी संघटनेशी जुळणाऱ्या नावामुळे २०१५ मध्ये आयोनिस व्हावं लागलं. आणि ‘एड्स’ असाच उच्चार असलेल्या, भूक कमी करणारी कँडी अमेरिकेत वर्षानुवर्षं विकली जात होती. १९८०च्या दशकात त्याच उच्चाराचा रोग आला आणि तो ब्रँड संपला. यात कंपन्यांची चूक नव्हती, पण नाव जितकं छोटं तितकी टक्कर व्हायची शक्यता जास्त.

आता पद्धत. तीसेक नावं लिहा आणि विनोद, श्लेष, यमक असलेली आधी खोडा. उरलेल्यांतून पाच निवडा. प्रत्येक नाव या वाक्यात मोठ्याने म्हणा: ‘नमस्कार, मी अमुकमधून बोलतोय, तुमच्या वडिलांच्या घराबद्दल.’ अर्धी नावं इथेच गळतात. मग पाच जणांना फोनवर नाव एकदाच सांगा, दहा मिनिटांनी लिहून पाठवायला सांगा. दोघांनी चुकीचं लिहिलं तर नाव बाद. ही चाचणी नुकतंच कोणी गमावलेल्या माणसावर करू नका. त्यापेक्षा तुमच्याकडे काम पाठवणारे लोक, म्हणजे अंत्यविधी सेवा देणारे, इमारतींचे व्यवस्थापक, पोलीस, यांना विचारा. या धंद्यात समाधानी ग्राहकही जाहीर रिव्ह्यू लिहायला कचरतो, त्यामुळे नाव लक्षात राहायला हवं ते या मंडळींच्या.

यानंतर नाव प्रत्यक्ष जागी लिहून बघा. एसएमएस पाठवणाऱ्याचं अक्षरी नाव जास्तीत जास्त ११ रोमन अक्षरांचं असतं. कार्डाच्या स्टेटमेंटवर बहुधा २२ च्या आसपास अक्षरं मावतात, पुढची कापली जातात. कापलेला तुकडा कसा वाचला जातो ते पाहा. डोमेनमध्ये शब्द चिकटतात तेव्हाही तेच. एक्सपर्ट्स एक्सचेंज या साइटचा पत्ता ‘एक्सपर्ट सेक्स चेंज’ असा वाचला गेल्याने त्यांना मध्ये आडवी रेघ घालावी लागली. रोमन लिपीत ‘थेरपिस्ट’ हा शब्द चुकीच्या जागी तोडला तर ‘द रेपिस्ट’ असा वाचला जातो.

कायदेशीर बाजू थोडक्यात. कंपनीची नोंदणी झाली म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी वापरतात, त्या नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. इमारतींची स्वच्छता ३७ मध्ये, कचऱ्यावरची प्रक्रिया ४० मध्ये, अंत्यविधी सेवा ४५ मध्ये. शोध तिन्हींत घ्या. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ब्रँडचा डेटाबेस फुकट आहे. केवळ काम सांगणारं नाव, उदाहरणार्थ ‘निर्जंतुक घर’, सहसा नोंदवलं जात नाही. ‘मेडिकल’, ‘राष्ट्रीय’, ‘प्रमाणित’ अशा शब्दांना काही देशांत परवानगी लागू शकते. नाव पक्कं करण्याआधी ते बातम्यांत, फोटोंत आणि शेजारच्या भाषांतल्या बोलीतही शोधा.

गाडीवर नाव रंगवू नका. चुंबकाची पाटी लावा, म्हणजे ग्राहकाने सांगितलं तर काढता येते. फक्त गाडी घेण्याआधी दार लोखंडी पत्र्याचं आहे ना बघा. ॲल्युमिनियम किंवा फायबरवर पाटी चिकटत नाही. आणि बोधचिन्हात थेंब कुठल्याही रंगाचा नको, तो रक्ताचाच दिसतो.