साचेबद्ध नट की शिक्का बसलेला नट?

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत निळू फुल्यांवर लेख आहे. त्यात मी लिहिलं, "खलनायकाच्या भूमिका करून करून निळू फुले साचेबद्ध अभिनेते झाले." अध्यक्षांनी "साचेबद्ध" खोडून "टाइपकास्ट" केलं. मी ते खोडून पुन्हा "साचेबद्ध" केलं. मजकूर छापखान्यात जायचा थांबलाय. कोण बरोबर?'

दोघंही नाही, असं म्हटलं तर दोघंही माझ्यावर उलटाल. तरी तसंच म्हणतो.

आधी तुमचा शब्द घेऊ. साचेबद्ध भाषण, साचेबद्ध उत्तर, साचेबद्ध कथानक. यातलं एक तरी कौतुकाने म्हटलेलं ऐकलंय का? साचेबद्ध म्हणजे ज्यात स्वतःचा जीव नाही ते. हा शब्द माणसाच्या कामाला लावतात आणि तो त्या कामाला नावं ठेवतो. तो तुम्ही माणसाला लावलात, आणि माणूसही कोण, तर 'सामना' सिनेमातला हिंदुराव धोंडे पाटील उभा करणारा. तुम्हाला म्हणायचं होतं की लोकांनी त्यांना एकाच तऱ्हेची कामं दिली. वाक्याचा अर्थ मात्र झाला की त्यांचा अभिनय ठराविक होता. आपल्याकडे गुऱ्हाळावर काहिलीतला गूळ साच्यात ओतला की रवा, म्हणजे गुळाची ढेप, साच्याच्या आकाराचा होतो, त्यात गुळाचा काय दोष? पण तुमच्या वाक्यात सगळा दोष गुळावरच आलाय.

हा शब्द इथे आला कसा, याबद्दल माझा एक अंदाज आहे. 'टाइपकास्ट'मधल्या 'कास्ट'चा अर्थ आपण 'ओतणे' असा घेतला. छापखान्यात पूर्वी अक्षरांचे खिळे ओतत, त्यालाही टाइप कास्ट करणे म्हणत, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. पण सिनेमातली कास्ट म्हणजे पात्रयोजना, कामांची वाटणी. नटाचा प्रकार बघून त्याला काम वाटून देणं म्हणजे टाइपकास्ट करणं. यात वाटणारा कुणीतरी आहे, निर्माता म्हणा, दिग्दर्शक म्हणा. 'साचेबद्ध' म्हटलं की तो वाटणारा वाक्यातून पसार होतो आणि नट एकटा उरतो. मराठीत यासाठी 'वाट्याला येणे' असा सरळ वाक्प्रचार पडून आहे. 'त्यांच्या वाट्याला खलनायकच येत गेले' असं म्हणा, चित्र लगेच बदलतं.

अध्यक्षांचा शब्द चुकीचा नाही, चालू आहे, सगळ्यांना कळतो. माझी तक्रार एवढीच की तो वापरल्यावर विचार करायची गरज उरत नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण या बाबतीत मराठी रंगभूमीकडे स्वतःचा शब्द होता आणि तो मला फार आवडतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणजे आपल्या कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. त्या पौराणिक खेळांच्या जमान्यात नाटकमंडळ्यांत 'स्त्रीपार्टी' असे तसे 'राक्षसपार्टी'ही असत. यातलं 'पार्टी' म्हणजे जेवणावळ नव्हे, ते इंग्रजी 'पार्ट'ला आपण लावलेलं शेपूट. ज्याचा आवाज खणखणीत, अंग भरदार, डोळे मोठे, तो राक्षसपार्टी. रंगमंचावर येताना आरोळी ठोकायची, गदा फिरवायची, शेवटी मरायचं. हे त्याचं पद होतं, जसा कुणी कारकून असतो, कुणी शिपाई. 'माझ्यावर अन्याय झाला, मला रामाचं काम द्या' असं राक्षसपार्टी म्हणत बसला असेल असं मला वाटत नाही. तमाशातही सोंगाड्या, मावशी, नाच्या ही अशीच ठरलेली सोंगं. संस्कृत नाटकाला तर याची फारच हौस. 'मृच्छकटिका'तला शकार सगळ्या 'स'चा 'श' करून बोलतो, म्हणजे पात्राने तोंड उघडायचा अवकाश की प्रेक्षकांना कळावं, आला बघा तो.

मग दुखणं कधी सुरू झालं? सिनेमा आल्यावर. एक तर पडद्यावर चेहरा हातभर अंतरावर येतो, आणि दुसरं म्हणजे तोच चेहरा एकाच वेळी शंभर गावांत जातो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये 'सैरंध्री' केला तेव्हा त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्यावरून गहजब झाला. नाटकातला राक्षस खेळ संपला की तोंड धुऊन बाहेर चहा प्यायला येतो, लोकांना दिसतो. सिनेमातला तसा कधी बाहेर येतच नाही.

आपल्या गावातलं सगळ्यात बोलकं उदाहरण खलनायकाचं नाहीच, ते गणपत पाटलांचं. कोल्हापूरचा माणूस, तमाशापटांत नाच्या उभा केला तो असा की दुसऱ्या कुणाला त्या सोंगाच्या जवळपास जाता आलं नाही. 2008 मध्ये ते गेले तोवर घरसंसार असलेल्या या माणसाकडे लोक पडद्याबाहेरही त्याच नजरेने बघत राहिले. याला काय 'साचेबद्ध अभिनेता' म्हणणार? मी म्हणेन, सोंग अंगाला चिकटलं. आणि ती चूक सोंग घेणाऱ्याची नव्हे, बघणाऱ्यांची.

तर पर्याय. मराठीत 'छाप', 'ठसा' आणि 'शिक्का' हे तीन शब्द एकाच घरातले, तिन्ही दाबून उमटवायचे. पण त्यांची क्रियापदं बघा. नट 'छाप पाडतो', 'ठसा उमटवतो'. इथे कर्ता नट आहे आणि वाक्य कौतुकाचं आहे. शिक्का मात्र नटावर 'बसतो' किंवा लोक तो 'मारतात'. छापसुद्धा 'पाडली'ऐवजी 'बसली' म्हटलं की कौतुक गेलंच. निळूभाऊंनी छाप पाडली आणि त्यामुळेच त्यांच्यावर शिक्का बसला. हा सगळा प्रकार मराठीत दोन क्रियापदांत सांगून होतो, यासाठी इंग्रजीच्या दारात कशाला जायचं? ('ठोकळेबाज' हाही छपाईच्या ठोकळ्याच्या नात्यातला वाटतो, पण तो साचेबद्धाचाच भाऊ, माणसाला लावू नये.)

आता वस्तुस्थितीकडे, कारण शब्द कितीही नेमका असला तरी वाक्य खरं असावं लागतं. निळू फुले 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'तून पडद्यावर आले. पुढे पाटील, सरपंच, सावकार, साखर कारखान्याचे चेअरमन ओळीने त्यांच्या वाट्याला आले हे खरं. पण 1972 मध्ये रंगमंचावर 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम त्यांनीच केला होता. सखारामला खलनायक म्हणून बघा, जमत नाही. नायक म्हणा, तेही जमत नाही. आणि 1979 च्या 'सिंहासन'मध्ये ते दिगू टिपणीस हा पत्रकार झाले, जो राजकारणाचा सगळा चिखल नुसता बघतो आणि शेवटी त्याचं डोकंच फिरतं. त्या कामात टोपीचा कोन नाही, बेरकी हसू नाही, डोळ्यांतली ती लबाडी नाही. शिक्का बसलेला होता, माणूस त्याखाली दबला नव्हता. म्हणून 'झाले' हे तुमचं क्रियापदही मला खटकतं.

मग एवढे खलनायक केले कशाला, असं कुणी विचारेल. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. नटाच्या तोंडी ती अक्षरशः खरी होते.

'खलनायक' शब्दाबद्दलही थोडं, कारण तुमच्या लेखात तो अकरा वेळा आलाय. समास सोडवला तर 'खल असलेला नायक'. म्हणजे शब्दच त्याला नायकपण देऊन बसला. जुन्या नाट्यशास्त्रातला शब्द 'प्रतिनायक', नायकाच्या समोर उभा ठाकलेला. 'दशरूपका'त त्याचं वर्णन लोभी, उद्धट, पापी, व्यसनी असं आहे, म्हणजे तोही काही सज्जन नाही, पण शब्दात शिवी नाही. हिंदुराव आणि त्याच्यासमोर उभा ठाकणारा मास्तर यांच्या सामन्यासाठी मला 'प्रतिनायक' जास्त शोभतो. 'सामना' हे नावच ते सांगतं. 'खल'चं मराठी रूप 'खळ', ते पसायदानात रोज म्हणतो: 'जे खळांची व्यंकटी सांडो'. खळ मरोत असं ज्ञानदेव म्हणत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावो म्हणतात. आणि आपल्या बोलीत दुसरी एक खळ आहे, स्त्रीलिंगी, पिठाची, भिंतीवर पोस्टर चिकटवायची. तिचा या खळाशी काही संबंध जोडू नका, पण सिनेमाच्या पोस्टरवरचा खळ भिंतीला खळीनेच चिकटायचा हे आठवून मला उगाच गंमत वाटते.

गावाकडे 'खलनायक' हा शब्द कुणी वापरत नाही हेही सांगून ठेवतो. तिथे तो 'इलन'. विचाराचा इचार, विस्तवाचा इस्तू, तसा व्हिलनचा इलन. 'हिरोपेक्षा इलनच भारी हाय' ही माझ्या लहानपणी सिनेमावरून घरी येताना ऐकलेली समीक्षा, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असायची.

एक गोष्ट मात्र तुमच्या लेखात यायला हवी होती. शिक्का नटावर बसला तसा शब्दांवरही बसला. 'पाटील' हे आपल्या जिल्ह्यात दगड मारला तर ज्याला लागेल त्याचं आडनाव. पडद्यावर ते आलं की मिशी आणि बंदूक दिसायला लागते. 'चेअरमन' इथे हाक मारायचा शब्द आहे, दूध संस्थेचा असो नाहीतर सेवा सोसायटीचा, पण नकलाकाराने तो उच्चारला की लोक हसतात. आणि 'वाडा' तर पार कामातून गेला. नकलाकारांनी निळूभाऊंच्या नावाला 'बाई वाड्यावर या' असं काही चिकटवलंय की खरोखर वाड्यात राहणारी माझी आत्या आता पाहुण्यांना 'घराकडं या' म्हणते.

उलटही होतं, म्हणजे नटाचं नाव सामान्यनाम होतं. दुष्टाला आपण शकुनीमामा, कंसमामा, मंथरा म्हणत होतोच. सासू खाष्ट निघाली की पुढे 'अगदी ललिता पवार' म्हणू लागलो. त्याच ललिता पवारांना 1959 च्या 'अनाडी'तल्या प्रेमळ घरमालकिणीसाठी फिल्मफेअर मिळालं होतं, पण 'अगदी ललिता पवार' असं प्रेमळ बाईला कुणी म्हणत नाही.

तेव्हा स्मरणिकेसाठी वाक्य असं करा: 'खलनायक रंगवताना निळू फुल्यांनी अशी छाप पाडली की त्यांच्यावर तोच शिक्का बसला, पुढे तशीच कामं त्यांच्या वाट्याला येत गेली, तरी सखाराम आणि दिगू टिपणीसही त्यांनीच केले.' लांब वाटलं तर एखाद्या स्वल्पविरामापाशी तोडा. अध्यक्षांना 'टाइपकास्ट' हवंच असेल तर तो शब्द फोटोखालच्या ओळीत द्या, तिथे जागा कमी असते. आणि लेखातलं 'खलनायकीय भूमिका' तेवढं 'खलनायकी' करा, तो 'य' उगाच आलाय.