सलाईन सोडण्याआधी मानेची शीर बघितली होती का?

बीपी ८०/५०, सलाईनची दुसरी बाटली संपत आली आणि पेशंटला धाप लागली. तुम्ही लिहिलेला हा रात्रपाळीचा अनुभव वाचताना पोटात गोळा आला. इंदूरात नवी प्रॅक्टिस असताना माझ्या हातून हेच झालंय.

शॉकचे, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त न पुरण्याचे, प्रकार तुम्हाला पाठच असणार, ते सोडतो. रामबागेतल्या एक आजी, जुना मधुमेह. दोन उलट्या, दरदरून घाम. घरचे म्हणाले, काल सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, खाल्लंय. मे महिना, मलाही पटलं. तासाभरात दीड लिटर सलाईन गेलं. छातीत दुखत नव्हतं म्हणून ईसीजी काढलाच नाही. मधुमेह्याला अटॅक न दुखताही येतो, हे परीक्षेत लिहिलं होतं मी! मानेची शीर टम्म फुगली होती, म्हणजे रक्त हृदयामागे तुंबलं होतं, पण वर पदर होता आणि तो बाजूला करायचं मला सुचलं नाही. फुफ्फुसात पाणी भरून खोकल्यातून गुलाबी फेस आला तेव्हा डोळे उघडले. पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तर तिथल्या काउंटरवर आधी डिपॉझिट, मग कागद. चाळीस मिनिटं आजी अॅम्ब्युलन्समध्येच. नाव घेत नाही, पण राग अजून आहे.

मी साधा फिजिशियन, आयसीयूवाला नाही. तुमच्या सीनियरांचं आधी ऐका. पण माझं मत पक्कं आहे: बाटलीआधी पेशंटला हात लावा. हातपाय गार, शीर सपाट, तर पाणी भरा. रक्त गेलं असेल तर रक्तच. हातपाय गार, शीर फुगलेली, तर हात आवरा. फुफ्फुसात खरखर असेल तर हृदय थकलंय. खरखर नसेल तर हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक, फुफ्फुसातली रक्ताची गुठळी, हृदयाभोवतीचं पाणी, हे आठवा. यात उजव्या अटॅकला थोडं सलाईन मानवतं, नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) मात्र नाही. छातीच्या एका बाजूला हवाच जात नसेल तर एक्सरेची वाट बघू नका, कोंडलेली हवा काढायला सुई घाला.

ताप आणि गरम हातपाय म्हणजे बहुधा सेप्सिस, जंतुसंसर्गाने शरीर कोसळणं. तिथे वजनाच्या किलोमागे ३० मिली सलाईन, तासाभरात अँटिबायोटिक, आणि बीपी उठत नसेल तर ते चढवणारं नॉरअॅड्रिनॅलिन. लहान नर्सिंग होममध्ये अजून सवयीने त्याच कामाचं जुनं औषध, डोपामिन, लावतात. त्याने ठोके जास्त बिघडतात, हे २०१० सालच्या मोठ्या चाचणीत दिसलंय.

आणि पावसाळ्यात ११०/९० बघून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत वरखालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की तो शॉकच.

तुमच्या पेशंटचा ईसीजी काढला होता का?