जास्वंदीतलं बुलबुलाचं घरटं

तुमच्या जास्वंदीत बुलबुलाने घरटं केलंय हे ऐकून फार आनंद झाला. आता आधी त्या झाडाची छाटणी थांबवा. पाणी मुळाशी, सावकाश घाला. पाइपचा फवारा नको.

अंडी बहुधा दोन-तीन असतात, गुलाबीसर, वर तांबूस-जांभळे ठिपके. उबायला साधारण 2 आठवडे लागतात. तेवढ्यात रोज फांदी बाजूला सारून डोकावू नका. आपण कुठे वाकून बघतो ते कावळा बरोबर हेरतो. फोटोच्या मोहापायी माझ्याकडून एकदा ही चूक झाली. संध्याकाळी घरटं रिकामं. अजून सलतं. खिडकीआडूनच बघा. नर-मादी दोघंही चोचीत अळ्या घेऊन येतात, आधी तारेवर बसून अंदाज घेतात, मग झटकन आत शिरतात. त्या अळ्या तुमच्याच बागेतल्या, म्हणून कीटकनाशक अजिबात मारू नका.

पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. एखादं जमिनीवर दिसलं तर दूध-पोळी भरवू नका. अलगद उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत. मांजर असेल तर ते मात्र तेवढे दिवस घरातच कोंडा.