दिलीतली नोकरी घ्यावी का?

समाजकार्याची पदवी, गावपातळीवरच्या कामाचा अनुभव आणि आता तिमोर-लेस्तेत (पूर्व तिमोर), राजधानी दिलीतल्या एका संस्थेत 'समुदाय विकास सल्लागार' म्हणून वर्षभराचं काम. पगार पुरेल का, सुरक्षित आहे का आणि बाहेरच्या माणसाने येऊन खरंच काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे गावांच्या पाणी योजनांवर काम करतो, तेव्हा जास्त लिहिणार ते शेवटच्या प्रश्नावरच.

पहिले दोन उरकतो. चलन अमेरिकन डॉलर. नाणी तेवढी इथली, सेंटाव्हो. सरकारी किमान वेतन महिन्याला ११५ डॉलर आहे, पण त्यावरून खर्चाचा अंदाज बांधू नका. दिलीत परदेशी लोक राहतात तसं घर घ्यायचं तर भाडं भलतंच असतं, म्हणून भाडं कोण देणार ते करारात लिहून घ्या. २००६ मध्ये दिलीत घरं जळली, लोक छावण्यांत गेले. तशी परिस्थिती आता नाही. संयुक्त राष्ट्रांची मोहीमही २०१२ च्या अखेरीस आवरली. भ्यायचं तर डेंग्यूला आणि पावसाळ्यातल्या डोंगरी रस्त्यांना. (मलेरिया मात्र गेला. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं प्रमाणित केलं.) दुखणं गंभीर असेल तर ऑस्ट्रेलियातलं डार्विन किंवा इंडोनेशियातलं बाली गाठावं लागतं, विमानाने हलवण्याचा खर्च नसलेला विमा इथे काही कामाचा नाही.

आता मूळ मुद्दा. १९९९ च्या सार्वमतात लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला आणि त्यानंतरच्या जाळपोळीत देशातल्या बहुतेक इमारती, पाण्याच्या सोयी, शाळा उद्ध्वस्त झाल्या. २० मे २००२ ला स्वातंत्र्य मिळेपर्यंत कारभार संयुक्त राष्ट्रांकडे होता. तेव्हापासून इथल्या गावांनी सल्लागार पुष्कळ पाहिलेत. ते तुमचं शांतपणे ऐकून घेतील, मान डोलावतील, कॉफी पाजतील. त्याला संमती समजू नका.

पाणी योजना दिसायला सोपी असते. डोंगरात झरा, त्याखाली सिमेंटची टाकी, उताराने आणलेला पाइप आणि प्रत्येक आल्देयात, म्हणजे वाडीत, एक सार्वजनिक नळ. पंप नाही, वीज नाही. बांधून झालं की देणगीदाराच्या नावाची पाटी लागते आणि योजना गावच्या पाणी समितीच्या हवाली होते. तिला इथे जीएमएफ म्हणतात. घरटी थोडे पैसे गोळा करायचे, त्यातून दुरुस्ती करायची, असा हिशेब. मग वरच्या अंगाला कुणीतरी आपल्या भाजीच्या वाफ्यासाठी पाइप कापतो, खाली धार बारीक होते, लोक म्हणतात पाणीच नाही तर पैसे कसले, आणि खजिनदाराची वही बंद पडते. अहवालात मात्र लाभार्थ्यांचा आकडा उद्घाटनाच्या दिवशीचाच राहतो. बांधायला पैसे मिळतात. तिसऱ्या वर्षी व्हॉल्व्ह बदलायला कुणी देत नाही.

एर्मेराकडच्या एका सुकूत, म्हणजे गावात, नळाची जागा चर्चजवळच्या मोकळ्या मैदानात ठरली होती. सभेला पुरुष पुढे बसलेले, सगळ्यांचा होकार. नंतर आमची तिमोरी सहकारी बायकांशी वेगळी बोलली, तेव्हा कळलं की अशा उघड्यावर अंघोळ आणि धुणं त्यांना शक्यच नाही. शिवाय झरा दुसऱ्या आल्देयातल्या एका कुळाच्या परंपरागत जमिनीवर, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना कुणी विचारलेलंच नाही. नळ हलवला. मग तारा बांदू झाला: मोठ्यांच्या साक्षीने, डुक्कर कापून, झऱ्याभोवती झाडं तोडायची नाहीत आणि पाइपाला हात लावायचा नाही, असा ठराव. त्या डुकराचा खर्च कुठल्या सदरात टाकायचा यावर दिलीच्या कार्यालयात जेवढी चर्चा झाली तेवढी पाइपाच्या जाडीवर झाली नव्हती.

उपयोग होतो का, याचं माझं उत्तर यातच आहे. बायकांशी ते बोलणं आमच्या तिमोरी सहकारीने केलं. परदेशी माणसाच्या हाती होतं ते काम थांबवून तिला वेळ मिळवून देणं आणि देणगीदाराला पटवणं. हे करायची तयारी असेल तर या. गावाला शिकवायला येणार असाल तर नका येऊ. २०१२ पासून सरकारचा स्वतःचा सुकू विकास कार्यक्रम, पीएनडीएस, गावांना थेट निधी देतो आणि काय बांधायचं ते गावच ठरवतं. त्यातही उणिवा आहेत, पण दिशा मला तीच बरोबर वाटते.

भाषेला पर्याय नाही. पोर्तुगीज कागदावर चालते, गावात तेतुम, आणि डोंगरात आणखी माम्बाई, माकासाई वगैरे. दिली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तेतुमचे वर्ग असतात. पहिला महिना त्यालाच द्या, आणि संस्था तो देते का ते आधीच विचारा.

पैसा कुणाचा आहे, हेही विचारा. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतसंस्था गुंडाळली तेव्हा इथली कामं अर्ध्यावर थांबली आणि पहिली झळ स्थानिक कर्मचाऱ्यांना बसली. देशाचं बजेट मुख्यतः तेल-वायूच्या पैशातून २००५ साली उभारलेल्या पेट्रोलियम फंडावर चालतं. बायू-उंदान वायुक्षेत्राचं उत्पादन २०२५ मध्ये संपलं, म्हणजे आता शिल्लक खाणं आलं. त्यामुळे तुमच्या प्रकल्पाचा निधी कधीपर्यंत आहे, तुमच्याबरोबर कोण तिमोरी सहकारी असेल, करार संपल्यावर ते पद त्याला मिळणार का आणि कामाचा व्हिसा कोण काढणार, एवढं लेखी मागा. उत्तरं आली की कळवा, आपण एकत्र बघू.