स्वतःसाठी केलेली प्रत आणि कॉपीराइट

प्रश्न : वडिलांनी विकत घेतलेल्या नाट्यसंगीताच्या बऱ्याच सीडी घरात आहेत. सीडी प्लेअर बिघडल्यामुळे त्यांतली पदे संगणकात उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावीत, असा विचार आहे. नात्यातली मंडळीही पेनड्राइव्ह भरून मागत आहेत. हे कायद्यात बसते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : स्वतःच्या ऐकण्यासाठी पदे उतरवून घ्यायला हरकत नाही, असे माझे मत आहे, इतरांना प्रती भरून देणे मात्र टाळावे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार खासगी किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेला न्याय्य वापर हा हक्कभंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीतरचना आणि कलाकृती यांच्यापुरतीच होती. त्यामुळे पुस्तकातला उतारा स्वतःसाठी नकलून घेणाऱ्याला मिळणारे संरक्षण ध्वनिमुद्रणाची प्रत करणाऱ्याला मिळत नसे. त्या वर्षी संगणक प्रणाली वगळून इतर सर्व कृतींना ती लागू झाली. ग्राहकाच्या दृष्टीने ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते, कारण एकदा पैसे मोजलेल्या माणसाला केवळ यंत्र बंद पडले म्हणून तेच संगीत पुन्हा विकत घ्यायला लावणे योग्य नाही.

‘न्याय्य’ म्हणजे किती, याचे माप कायद्याने दिलेले नाही. दहा टक्के चालतात, हा समज निराधार आहे. हेतू काय, किती भाग घेतला आणि मूळ विक्रीला धक्का लागतो का, हे पाहिले जाते. घरातल्या सर्वांनी मिळून ऐकणे वेगळे आणि चार घरी चार प्रती पोहोचवणे वेगळे. सीडी विकून टाकून प्रत ठेवून घेणेही मला समर्थनीय वाटत नाही.

नाट्यसंगीताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासण्याजोगी आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६२ मध्ये प्रथम निघालेल्या ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क २०२२ अखेर संपला. शब्द आणि चाल यांवरचे हक्क मात्र स्वतंत्र असून ते रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या पदांचे शब्द २००९ पासून मुक्त आहेत. चाल ज्यांनी बांधली त्यांचे वर्ष वेगळे पाहावे लागेल. तिन्ही हक्क संपलेली पदे नातेवाइकांना निःशंकपणे द्यावीत, आणि त्यासाठी सीडी निघाल्याचे वर्ष न धरता मूळ ध्वनिमुद्रिका प्रथम प्रकाशित झाल्याचे वर्ष धरावे.