फुकटच्या जाहिरातीनं गिऱ्हाईक काहून येत नाही

भाऊ, तू म्हणतो दोन महिने झाले संत्र्याच्या वेबसाइटची लिंक जिथंतिथं टाकून राहिलो पण एकही ऑर्डर नाही, तर पहिले हे समजून घे का ट्रॅफिक एक्सचेंजवर, म्हणजे दुसऱ्याची साइट पाहून क्रेडिट कमवा आन त्या क्रेडिटवर आपली साइट दाखवा अशा ठिकाणी, तुझी साइट पाहणारे सगळे तुझ्यासारखेच असतात, आपापल्या साइटसाठी क्रेडिट कमवाले बसलेले, टायमर संपला का पुढचं पान, तुझ्या संत्र्याकडं कोणी पाहतच नाही. आकडा वाढते, फोन वाजत नाही. मी वर्षभर हेच केलं, आठवलं का आजही जीव जळते.

फुकटच्या क्लासिफाइडवर, म्हणजे छोट्या जाहिरातीच्या साइटवर, तर टाकणारेच जास्त, घेणारा क्वचितच. कमेंटमध्ये लिंका टाकून गूगलवर येऊ असं वाटत असन तर सोड ते, अशा लिंकांसाठी २००५ मधीच नोफॉलो आलं, म्हणजे ही लिंक मोजू नको असं गूगलले सांगणारी खूण. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टही ज्याच्या मोबाइलमधी तुझा नंबर सेव्ह आहे त्यालेच जाते, म्हणून बगीच्यात, बाजारात जो भेटन त्याले आधी नंबर सेव्ह कराले लाव, हे काम लय मोठं आहे, कंटाळू नको.

आन साइटवर लिही ना बावा, संत्र्याच्या अंबिया आन मृग बहारात फरक काय, वरुडहून पेटी पुण्याले किती दिवसात पोचते, माल दबला तर काय करतो. घेणारा हेच शोधते. फोटो तुझ्याच झाडाचे टाक. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, लोक काय टाइप करून तुझ्या साइटवर आले ते त्यात दिसते, दर हप्त्याले पाहत जा आन त्याच प्रश्नावर पुढचं पान लिही.